नासलेल्या दुधाची गोष्ट

तर झालं असं. मागच्या महिन्यात एका वीकांताला घरी लझान्या करायचा घाट घातला. कृतीत रिकोटा हवं होतं. रिकोटा म्हणजे ते मऊसूत, पांढरंशुभ्र, चमच्याने उचललं तर थरथरणारं इटालियन चीज. पुण्यात मिळतं, नाही असं नाही, पण त्या इवल्याशा डब्यावरची किंमत बघितली आणि माझ्यातला वऱ्हाडी जागा झाला. एवढ्या पैशांत रिठदला आमच्याकडे आठवडाभराचं दूध येतं!

रूममेट म्हणाला, "अरे, रिकोटा म्हणजे चीज करून जे पाणी उरतं ना, त्याचं चीज. एकदम फुकटातला माल." झालं. फुकट म्हटल्यावर आपण मागे हटणारे नव्हेच. दोन लिटर दूध आणलं, उकळलं, लिंबू पिळलं, छान पनीर निघालं. खाली पातेलंभर हिरवट-पिवळी निवळी उरली. ती पुन्हा गॅसवर ठेवली, थोडं व्हिनेगर घातलं आणि वाट बघत बसलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. हाती काय आलं? पातेल्याच्या कडेला चिकटलेला चमचाभर गाळ आणि घरभर आंबूस वास. :(

आता आमचा धंदाच असा की आउटपुट आलं नाही तर स्वस्थ झोप लागत नाही. रात्री वाचायला बसलो, आणि रिकोट्याच्या मागे मागे जाता जाता थेट वाशिमच्या ताम्रपटापर्यंत आणि यज्ञवेदीपर्यंत पोहोचलो. सरळ सांगतो, मला हे आधी काहीच माहीत नव्हतं.

आधी माझ्या पातेल्यातला बग.

गाईच्या दुधात प्रथिनं ढोबळमानाने दोन जातींची. सुमारे ऐंशी टक्के केसीन आणि उरलेली वीस टक्के निवळीतली, म्हणजे व्हे प्रथिनं. युरोपात चीज करतात ते कोमट दुधात, तीस-पस्तीस अंशांवर, रेनेट घालून. रेनेट म्हणजे मुळात वासराच्या जठरातलं पाचक द्रव्य. ते फक्त केसीनला पकडतं. व्हे प्रथिनं हातावर तुरी देऊन निवळीत निघून जातात. मग ही निवळी ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापवली, थोडा आंबटपणा असला, की त्या प्रथिनांच्या घड्या मोडतात, ती एकमेकांना चिकटतात आणि पांढऱ्या ढगासारखी वर तरंगतात. झाऱ्याने अलगद काढायची, छोट्या टोपलीत निथळायची. हेच रिकोटा. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थच 'पुन्हा शिजवलेलं'.

आपण पनीर करतो तेव्हा दूध आधी खळखळून उकळतो. त्या उकळीत व्हे प्रथिनांची घडी मोडून ती केसीनला जाऊन चिकटलेली असतात. लिंबू पडलं की दोघं हातात हात घालून खाली बसतात. म्हणजे माझ्या निवळीत पकडायला चोरच उरला नव्हता! आणि याची उलटी बाजू अशी की 'घरच्या घरी रिकोटा' म्हणून ज्या शेकडो कृती फिरत असतात, अख्खं दूध उकळा, लिंबू पिळा, फडक्यात गाळा, ते रिकोटा नसतंच. ते आपलं न दाबलेलं पनीर असतं. बंगाल्यांचा छेना.

दुसऱ्या दिवशी आजीला फोन केला. आजी रिठदलाच असते (रिसोड तालुका, जिल्हा वाशिम). हौसेने सगळा प्रयोग सांगितला. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काऊन रे बापा? सोन्यासारखं दूध हातानं नासवलं?"

आता यावर काय बोलणार?

पण तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण आपल्या भाषेतच बघा ना. दूध फाटलं, दूध नासलं. नासणे म्हणजे नाश होणे. जे फ्रान्स-इटलीत गावोगावच्या अभिमानाचा विषय आहे, त्याला आपल्याकडे शब्द आहे 'नासकवणी'. ती होते ती चुकून. उन्हाळ्यात, पातेलं नीट घासलं गेलं नसेल तर. मग हळहळत आई त्यात साखर घालून आटवते आणि पोरांना वाटीत देते, वर 'बाहेर कोणाला सांगू नका' असा चेहरा. मुद्दाम दूध फाडणं हे आमच्या घरात तरी पापाच्या जवळपास जाणारं काम होतं. श्रीखंडाचा चक्का चालतो, कारण तो दह्याचा. पेढा चालतो, कारण तो खव्याचा. फाडलेलं दूध मात्र नको.

यावर इतिहासाच्या पुस्तकांत एक तयार उत्तर मिळतं. भारतीय खाद्यसंस्कृतीचे फार मोठे अभ्यासक के. टी. अचया यांनी १९९४ साली आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात ते मांडलं आणि मग ते सगळीकडे पसरलं. थोडक्यात असं: वैदिक आर्यांमध्ये दूध मुद्दाम फाडण्याला निषेध होता. सतराव्या शतकात बंगालमध्ये हुगळीच्या आसपास पोर्तुगीज वसले. त्यांना ताजं चीज आवडायचं. त्यांच्यामुळे तो निषेध सैल झाला आणि तिथून संदेश, रसगुल्ला वगैरे मंडळी जन्माला आली.

वाचायला झकास आहे. आजीच्या वाक्याला तीन हजार वर्षांचा आधार मिळतो, आणि रसगुल्ल्याला एक परदेशी बाप. पण जरा खोलात गेल्यावर मला ही गोष्ट पटेनाशी झाली.

पुराव्यापासून सुरुवात करू. फ्रेंच प्रवासी बर्निए सतराव्या शतकाच्या मध्यावर हिंदुस्थानात होता. बंगालमधले पोर्तुगीज मिठाई करण्यात वाकबगार आहेत असं त्याने लिहिलंय, हे खरं. पण तो पुढे नावं घेतो ती आंबा, अननस, लिंबू, आलं यांच्या पाकातल्या प्रकारांची. म्हणजे मुरंबे! छेन्याचा उल्लेख त्यात नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. पोर्तुगीज बंगालमध्ये होते त्यापेक्षा कितीतरी घट्ट पाय रोवून ते आपल्याकडे होते. गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत. वसईत १५३४ च्या तहापासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, म्हणजे दोनशेपाच वर्षं. पोर्तुगीज आले की लोक दूध फाडायला शिकतात असं असेल, तर गोवा आणि वसई ही छेन्याची माहेरघरं व्हायला हवी होती. आणि गोव्याची मिठाई काय? बेबिंका: अंडी, नारळाचं दूध, साखर, तूप. दोदोल: तांदूळ, नारळ, गूळ. छेना औषधालासुद्धा नाही. बरं, या पोर्तुगीजांना स्वतःच्या देशात निवळीचं चीज चांगलं ठाऊक आहे. रिकोट्याचा सख्खा भाऊ शोभेल असं 'रेकेजाँव' ते आजही खातात. तरीही साडेचारशे वर्षांत गोव्याला त्याची गोडी लागली नाही. मग हुगळीच्या किनाऱ्यावर काही दशकांत चमत्कार कसा झाला?

(बंगालमध्ये पोर्तुगीजांच्या संगतीने चीज आलं हे नाकारायचं कारण नाही. 'बंडेल चीज' आजही आहे आणि नावातच त्यांची वसाहत आहे. पण तो एक धागा झाला, अख्खं कापड नव्हे.)

आता मुख्य मुद्दा, वैदिक निषेध. इथे मला खरा धक्का बसला. कारण वैदिक यज्ञातच दूध मुद्दाम फाडतात!

चातुर्मास्य नावाचा याग आहे. कांदा-वांगं न खायच्या आपल्या चातुर्मासाशी गल्लत नको. हे वर्षभरात ठरावीक पौर्णिमांना करायचे याग. त्यातलं पहिलं वैश्वदेव पर्व, फाल्गुन किंवा चैत्र पौर्णिमेचं. त्यात गरम दुधात आंबट दही घालायचं विधान आहे. दूध फुटतं. जो घट्ट गोळा मिळतो त्याचं नाव आमिक्षा. ती विश्वेदेवांना. जे पाणी उरतं त्याचं नाव वाजिन. ते वाजी नावाच्या देवतांना. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा विधी वर्णन केलेला आहे, कोणीही काढून बघावं. गरम दूध अधिक आम्ल बरोबर छेना, हे समीकरण जगात कुठेही तेच. म्हणजे मी त्या शनिवारी गॅसवर जे केलं ते रिकोटा नव्हतं, ती आमिक्षा होती. :)

आणि गंमत इथे संपत नाही. पूर्वमीमांसा नावाचं जे शास्त्र आहे, यज्ञातल्या वाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचं, त्यात जैमिनीच्या सूत्रांमध्ये आणि त्यावरच्या शबराच्या भाष्यात चक्क या निवळीवर वाद घातलाय. प्रश्न असा: दुधात दही घालतो तेव्हा एका क्रियेतून दोन गोष्टी निघतात. मग ही क्रिया नेमकी कशासाठी? आमिक्षेसाठी, वाजिनासाठी, की दोन्हींसाठी? आमच्या भाषेत, खरं डिलिव्हरेबल कोणतं आणि बाजूला पडलेली लॉग फाईल कोणती?

निर्णय असा दिला की क्रिया आमिक्षेसाठी. कारण दुधाची चव आमिक्षेत टिकून राहते. आमिक्षा म्हणजे घट्ट रूपातलं दूधच. वाजिनाची चव वेगळी, ते आपोआप निघालेलं. आणि याचा व्यावहारिक परिणामसुद्धा आहे. आमिक्षा बिघडली तर पुन्हा दूध तापवा, पुन्हा दही घाला. वाजिन सांडलं तर नुसत्या वाजिनासाठी नवीन दूध फाडायचं कारण नाही. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी 'बायप्रॉडक्ट' या कल्पनेची इतकी काटेकोर व्याख्या करत होतं, आणि उदाहरण म्हणून त्यांना सुचली ती निवळी. हे वाचून मी रात्री दोन वाजता खुर्चीत एकटाच हसत होतो.

मात्र लक्षात घ्या, बायप्रॉडक्ट ठरवूनही ती निवळी फेकून दिलेली नाही. तिला स्वतःची देवता दिलीय.

आता वाशिमचं. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. शाळेत आम्हाला हे एका ओळीत शिकवलं, तेही 'गावाचे जुने नाव' या रिकाम्या जागेपुरतं. १९३९ साली वाशिमला एक ताम्रपट सापडला. दुसऱ्या विंध्यशक्तीचा, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला मानतात. वत्सगुल्माची वेगळी शाखा होती हे त्यामुळेच अभ्यासकांना कळलं. वा. वि. मिराशींनी त्यावर लिहिलंय. या ताम्रपटात पूर्वज प्रवरसेनाने केलेल्या यज्ञांची यादी आहे: अग्निष्टोम, आप्तोर्याम, वाजपेय, ज्योतिष्टोम, बृहस्पतिसव, साद्यस्क्र आणि चार अश्वमेध. आता यात सोमयाग आहेत, आणि सोमयागात सकाळच्या सवनाला जे हवी लागतात त्यात पुरोडाश, भाजलेले धान्य वगैरेंच्या बरोबर पयस्या असते, मित्रावरुणांसाठी. पयस्या हे आमिक्षेचंच दुसरं नाव.

म्हणजे हिशोब करा. ज्या घराण्याची गादी पुढे आमच्या जिल्ह्याच्या गावी होती, त्याच्या एका पूर्वजाच्या यज्ञमंडपात दूध विधिपूर्वक फाडलं जात असणार. शास्त्राप्रमाणे यज्ञ झाला असेल तर त्याला पर्यायच नाही. आणि तिथून काही कोसांवर, सोळाशे वर्षांनी, आजी मला विचारतेय की काऊन रे नासवलं.

यज्ञाचं सोडा, तो रोजचा स्वयंपाक नव्हे, असं कोणी म्हणेल. रास्त आहे. मग मानसोल्लास घ्या. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास लिहिलेला संस्कृत ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यात, लातूर-धाराशिवच्या शेजारी. याच ग्रंथाच्या संगीताच्या भागात जुन्या मराठीतली पदंही आहेत, त्यामुळे तो आपल्याला अगदीच परका नाही. राजाने काय खावं या प्रकरणात एक पदार्थ आहे, क्षीरप्रकार. दूध तापवायचं, आंबट घालून फोडायचं, फडक्यात बांधून पाणी काढायचं, त्यात तांदळाचं पीठ मळायचं, आकार द्यायचे, तुपात तळायचे आणि साखरेत घोळायचे. आता सांगा, हे काय आहे? वास्को द गामा जन्माला यायला अजून तीनशे वर्षं होती आणि मराठवाड्याच्या वेशीवर राजेसाहेब छेन्याचे गुलाबजाम हाणत होते! बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केलेली याची आवृत्ती १९२५ पासून तीन खंडांत छापून आलीय. म्हणजे गोष्ट गुपित नव्हती.

वैद्यकातही तेच. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात फाटलेल्या दुधाच्या अवस्थांना वेगवेगळी नावं आहेत. शिजवून घट्ट झालेला गोळा किलाट. न शिजवता फाटलेलं क्षीरशाक. दही किंवा ताक घालून फाडलेलं आणि फडक्यात बांधून निथळलेलं तक्रपिंड. आणि उरलेल्या पाण्याला मोरट. हे शेवटचं नाव तर भावमिश्र आपल्याही आधीच्या जेज्जट नावाच्या आचार्याच्या हवाल्याने देतो. ज्या समाजाला दूध फाडणं निषिद्ध होतं तो समाज पाण्याला वेगळं नाव कशाला देईल? एस्किमोंना बर्फाचे शब्द, तसं काहीसं. (ती एस्किमोंची गोष्टही अर्धवट खरी आहे म्हणे. असो.)

एक गोष्ट मात्र खरी. रेनेटचं चीज आपल्याकडे रुजलं नाही. वासराचं जठर दुधात, हे इथे चालणं शक्यच नव्हतं. मुंबईच्या पारशी लोकांचं 'टोपली ना पनीर' हा ठळक अपवाद. ते रेनेटने लावतात, छोट्या टोपल्यांत जमवतात आणि निवळीतच तरंगत ठेवतात. पण तैत्तिरीय संहितेत एक फार विलक्षण जागा आहे. वृत्राला मारल्यावर इंद्राचं बळ गेलं, ते जमिनीत जाऊन वनस्पती झालं, गाईंनी त्या वनस्पती खाल्ल्या आणि दुधातून ते बळ परत मिळवलं, अशी कथा. तिथे दूध विरजायला काय काय घालता येईल याची यादी येते: पूतीक वेल, पळसाची साल, बोरं, तांदूळ, नेहमीचं विरजण, आणि शेवटी दही, जे सर्वात चांगलं. त्यातून दही लागायचं की चीज व्हायचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण वऱ्हाडातल्या माणसाला पळसाची साल म्हटल्यावर राहवणार आहे का? आमच्याकडे बांधाबांधावर पळस. पुढच्या खेपेला प्रयोग करणार आहे. दूध माझ्या पैशाने आणीन, आजीला पत्ता लागू देणार नाही.

मग प्रश्न उरतोच. ग्रंथांत सगळं आहे, राजाच्या ताटात आहे, आणि तरीही आमच्या घरात ते 'नासणं' का? धर्माने सांगितलं म्हणून, हे उत्तर मला आता पुरेसं वाटत नाही. मला वाटतं उत्तर गोठ्यात आणि थर्मामीटरमध्ये आहे.

दुधाची खरी अडचण एकच, ते टिकत नाही. प्रत्येक मुलखाने त्याच्यावर आपापला तोडगा काढला. इटलीत डोंगर आहेत, थंड तळघरं आहेत, मेंढ्या आहेत. तिथे चीज मिठात घालून महिनोन्‌महिने मुरवता येतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. तिथे छेना सकाळी केला तर संध्याकाळपर्यंत त्याला वास मारतो. या हवेत टिकतं ते एकच: तूप. म्हणून आमची साखळी दह्याकडून जाते. दूध, दही, लोणी, तूप. तूप डब्यात, वर्षाची बेगमी. लोणी काढल्यावर उरलेलं ताक प्यायला, कढीला. तूप कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी साखर घालून पोरांना. काही वाया नाही. दूध फाडलं की स्निग्धांश सगळा गोळ्यात अडकतो, म्हणजे तूप बुडालं. एक गाय, एक म्हैस असलेल्या घराला हे परवडणार कसं? राजाला परवडतं. यज्ञाला परवडतं. शहरातल्या हलवायाला गिऱ्हाईक आहे म्हणून परवडतं. आजीला नाही. तिच्या लेखी ते खरोखरच दुधाचं नासणं आहे, आणि तिचा हिशोब चुकलेला नाही.

इटालियन मेंढपाळाचा हिशोब तरी वेगळा कुठे होता? दहा लिटर दुधाचं साधारण किलोभर चीज, आणि नऊ लिटर निवळी. दुधातली साखर जवळजवळ सगळी आणि प्रथिनांचा पाचवा हिस्सा त्या निवळीत. ते ओतून देणं गरिबाला कसं जमणार? तर पुन्हा तापव, पुन्हा गाळ. मोठं चीज बाजारात विकायला, रिकोटा घरी खायला. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या आरोग्यविषयक चित्रमय पोथ्यांत रिकोटा करणारी माणसं रंगवलेली आहेत, मोठी कढई आणि भोवती खाणारी मंडळी. सिसिलीत अजूनही पहाटे गेलं तर कढईतून काढलेलं गरम रिकोटा निवळीसकट वाडग्यात देतात, पाव चुरून खायला. आणि रिकोटा काढूनही जे पाणी उरतं त्याला वेगळं नाव आहे, स्कोत्ता. ते डुकरांना. आमची बेरी, त्यांची स्कोत्ता.

या गरिबाघरच्या पदार्थातून त्यांनी काय काय उभं केलं! साखर घालून नळीत भरलं की कानोली. बदामाच्या आवरणात घातलं की पालेर्मोचा कसाता. पालकाबरोबर राव्हिओलीत. मीठ लावून वाळवलं की किसण्याजोगं 'सलाता', ते वांग्याच्या पास्त्यावर भुरभुरवतात. रोमच्या परिसरातल्या मेंढीच्या रिकोट्याला २००५ मध्ये युरोपियन संघाचं संरक्षित नावही मिळालं. मला सर्वात जवळचा वाटला तो नेपल्सचा ईस्टरला होणारा पास्तिएरा. गहू भिजवून, शिजवून, तो रिकोट्यात घालून भाजतात. आमच्याकडची गव्हाची खीरच की, फक्त भट्टीत गेलेली.

आणि निवळीचं आजचं रूप तुम्हाला माहीतच आहे. हिंजवडीतल्या कोणत्याही जिममध्ये जा, काळा डबा, चार आकडी किंमत. व्हे प्रोटीन. चीज कारखान्यांना ही निवळी पूर्वी डोकेदुखी होती. नदीनाल्यात सोडली तर घरगुती सांडपाण्याच्या शंभरपटीहून जास्त प्राणवायू खाते. मग ती गाळून, वाळवून विकायचं तंत्र आलं. आपल्या मंचरलाही मोठा चीज कारखाना आहे आणि त्याच्या निवळीतून अशी पावडर निघते. वाजिनाला नवे वाजी मिळाले म्हणायचे. (वाजी म्हणजे घोडा, बलवान. बायसेप्स दाखवणाऱ्या आमच्या टीममेटला हे सांगितलं तर त्याला भलताच आनंद झाला.)

दोन आठवड्यांपूर्वी रिठदला गेलो होतो. गाय व्यालेली. आजीने चीक राखून ठेवला होता. गूळ, वेलदोडा घातला, डबा बंद करून पाण्याच्या पातेल्यात ठेवला. लिंबू नाही, दही नाही, काही नाही, आणि अर्ध्या तासात थरथरणारा खरवस तयार. मी खाता खाता थबकलो. आंबट न घालता हे जमलं कसं? तर चिकात नेहमीच्या दुधापेक्षा व्हे प्रथिनं कितीतरी जास्त असतात, वासराला आजारापासून वाचवणारी. तापवलं की त्यांच्या घड्या मोडतात आणि ती एकमेकांना धरून बसतात. हे तेच आहे! कढईतल्या निवळीवर जे तरंगतं, तेच डब्यात जमतं. माझ्या पुण्याच्या पातेल्यात जे चाळीस मिनिटांत आलं नाही ते आजी पन्नास वर्षं करत होती.

मी तिला हे सगळं उत्साहाने समजावून सांगितलं. इटली, मेंढ्या, प्रथिनं, सगळं. आजी म्हणाली, "हे काही नासवणं नाही बापा. हे आपल्यानं होते."

मग मी विचारलं, उन्हाळ्यात चुकून दूध नासतं तेव्हा ते पाणी तू काय करते? मला वाटलं सांगेल, गाईच्या टोपल्यात. तिने माझ्याकडे असं बघितलं की एवढं शिकून पोराला हेही कळू नये.

"भाकरीच्या पिठात. दुसरं काय करतेत?"

खरवसाची दुसरी वडी तिने न विचारताच ताटात टाकली.